मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर

मेहबूबभाईंनी काउंटरवर जुना टॉवेल अंथरला आणि त्याच्यावर दोन कार्बोरेटर शेजारी शेजारी मांडले, सोनार दागिने मांडतो तसे. डावीकडचा लहान होता, राखाडी, खोक्यातून नुकताच काढलेला. गाडीच्या मूळ कार्बोरेटरची कुणीतरी हुबेहूब नक्कल केलेली, बाकी त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. उजवीकडचा मोठा. त्याच्या तोंडात माझी दोन बोटं आरामात गेली, आणि गेली ती मला बाहेर काढावीशी वाटेनात. कुणा शर्यतवाल्यानं आपल्या गाडीवरून उतरवून विकलेला माल होता तो, पण मेहबूबभाईंनी पेट्रोलनं धुऊन असा चकचकीत केला होता की नव्या नवरीनं त्यात बघून कुंकू लावावं.

"ह्यो ल्हान घातलासा तर गाडी जशी हुती तशी चालंल," ते म्हणाले. "आणि ह्यो घातलासा तर मग बघायलाच नको."

मी विजूकडे पाहिलं. विजयमाला मगदूम, आमच्या कॉलेजच्या खो-खो संघाची कप्तान आणि माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मोटारसायकलमधलं हॉर्नच्या पलीकडे तिला काही कळत नव्हतं, पण ठाम मत द्यायला तिला कळण्याची गरज कधी पडलीच नाही.

"मोठा," ती म्हणाली.

मेहबूबभाईंनी विचारलं, गाडी नेमकी कशासाठी पाहिजे. दुकानदारानं विचारायला हवं तेच त्यांनी विचारलं आणि आम्हीही खरं तेच सांगितलं. परवा पन्हाळ्याला जायचंय, दोघींनी बसून जायचंय, घाटात गाडीला कुठंही दम लागता कामा नये.

"मग इचार कसला करतायसा? मोठा न्या."

आम्ही जायचं कसं ते सांगितलं होतं. यायचं कसं ते सांगायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही. मोठा कार्बोरेटर पिशवीत घालून आम्ही एस.टी. पकडली आणि कोल्हापूर ते गाव या वाटेत तो कितीदा तरी बाहेर काढून बघितला. शेजारच्या म्हातारीनं हे कुठल्या देवाचं आहे म्हणून विचारलंसुद्धा.

या गोष्टीला आता बावीस-तेवीस वर्षं झाली. आमचं गाव खडकेवाडी, कोडोलीच्या पुढं, वारणेच्या काठी. दर शिवजयंतीला गावातली पोरं पन्हाळ्यावर जात, तिथं मशाल पेटवत आणि ती ज्योत पळत पळत गावच्या चौकात आणत. एकानं थोडं पळायचं, पुढच्याच्या हातात द्यायची. बाकीची पोरं टेम्पोत. आणि सगळ्यांच्या पुढं एक मोटारसायकल. तिच्या मागच्या सीटवरच्या गड्याच्या हातात एक कंदील, तोही गडावरच्या ज्योतीनंच लावलेला. वाटेत वाऱ्यानं मशाल विझली तर कंदिलावरून पुन्हा पेटवायची. आमच्या गावचा नियम एकच, पण कडक. एकदा गड सोडला की गावातल्या महाराजांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर पोचेपर्यंत ज्योत थांबवायची नाही, आणि कंदीलही थांबवायचा नाही. दुसऱ्या गावांची पोरं वाटेत चहाला थांबतात, हे आमच्याकडे लोक नाक मुरडून सांगत.

त्या वर्षी गावातली पळणारी पोरं पोलीस भरतीला गेली होती. मंडळाचे अध्यक्ष गणपतराव खाडे, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, ते काळजीत पडले. ज्योत आणायची कुणी? तेव्हा विजू मंडळाच्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आम्ही खो-खोच्या पोरी आणतो. आधी हशा झाला. मग अण्णांच्या लक्षात आलं की पोरगी गंमत करत नाहीये, आणि आपल्यापुढं दुसरा मार्गही नाहीये. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण हातातली गोष्ट सोडताना दोरी आपल्याकडे ठेवण्याची त्यांना सवय होती. त्यांनी अट घातली. टेम्पोचा ड्रायव्हर सोडला तर सगळं पोरींनीच करायचं. पुढची मोटारसायकलसुद्धा पोरीनंच चालवायची. त्यांचा पुतण्या रणधीर आपल्या गाडीवरून मागून येईल. पुढची गाडी कुठंही बंद पडली, की कंदील तो घेईल आणि पुढं होईल.

"आणि मग ह्यो इषय पुन्यांदा काडायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "फुडच्या वर्षी न्हाई आणि त्याच्या फुडंबी न्हाई."

गावात मोटारसायकल चालवणारी पोरगी एकच होती, ती मी. वडील आम्ही लहान असतानाच गेले. उत्तमदादा फौजेत भरती झाला तेव्हा त्याची काळी यामाहा घरी राहिली, आणि आम्हा मायलेकींच्या तीन म्हशींचं दूध संस्थेत पोचवायला ती मी चालवायला लागले. हँडलला दोन्हीकडे किटल्या लटकवून मी रोज सकाळी गावातून जायची, तेव्हा सुरुवातीला लोक दारात येऊन बघत. मग त्यांना कंटाळा आला. पण गाडीचा कार्बोरेटर झिजला होता. गाडी कधी उसळायची, कधी मलूल व्हायची, कितीही स्क्रू फिरवा, सेटिंग टिकायचं नाही. एवढ्या मोठ्या कामाला ती तशीच नेणं म्हणजे अण्णांच्या हातात आपणहून कंदील देण्यासारखं होतं. म्हणून मेहबूबभाईंचं दुकान.

आईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती धार काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"दूध घालाय जातीस ती गोष्ट येगळी. ती पोटासाठी हाय," ती म्हणाली. "ही कशापाय?"

मला ते हवं होतं एवढंच मला कळत होतं, आणि इतकं हवं होतं की रात्री झोप लागत नव्हती. आईनं नको म्हटलं नाही. पण मी काही चौकात बघायला येणार नाही, रस्त्यानं पोरी पळत येताना बघणाऱ्यांत मला उभं राहायचं नाही, एवढं तिनं सांगून टाकलं.

मोठा कार्बोरेटर मी स्वतः बसवला. तोंड मोठं असल्यानं मधली रबरी नळी बदलावी लागली, हवेचा डबा काढून ठेवावा लागला. गोठ्यापुढं गोणपाट टाकून दुपारभर बसले होते. विजू शेजारी बसून पाने हातात देत होती, आणि हमखास चुकीचा देत होती. शेवटी पेट्रोल चालू केलं, किक मारली, आणि यामाहा अशी ओरडली की म्हशींनी दावी ताणली.

आम्ही तशाच निघालो. कोडोलीच्या रस्त्यावर थोडी रेस दिली तर गाडी हातातून निघून जाईल असं वाटायला लागलं. पुढं एस.टी. होती. ती मागं गेली. विजू माझ्या कानात किंचाळत होती, आणि मी हसत होते, आणि वारा तोंडात शिरत होता. इतका आनंद मला तोवर कधी झाला नव्हता. गावात परत आलो तर पारावरची पोरं उठून गाडीभोवती जमा झाली. रणधीरही आला. खाली वाकून त्यानं कार्बोरेटर निरखला आणि एक चक्कर मारू दे म्हणाला. विजूनं त्याला चक्कर मारायला गावात बरीच जागा आहे असं सांगितलं.

थांबवली की गाडी बंद पडायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण अर्ध्या किकमध्ये पुन्हा चालू व्हायची, म्हणून मी उलट तिचं कौतुकच केलं. दुसऱ्या दिवशी पोरी शाळेच्या मैदानावर मशालीच्या जागी लाटणं घेऊन पळायचा सराव करत होत्या आणि मी डांबरी रस्त्यावर गाडी पळवत होते. दोन्ही सराव एकत्र करावेत असं त्या अख्ख्या गावात एकाही शहाण्याला सुचलं नाही.

शिवजयंतीच्या पहाटे पन्हाळ्याचा घाट आम्ही असा चढलो की विजू म्हणाली, मेहबूबभाईंना पेढे दिले पाहिजेत. वर गार वारा होता. सूर्य उगवला, पूजा झाली, मशाल पेटली, कंदील लागला. खो-खोच्या बारा पोरी, पांढऱ्या कुडत्यावर कमरेला ओढण्या घट्ट बांधलेल्या. पहिल्यांदा पळायला यशोदा लोहार उभी राहिली, संघातली सगळ्यात चपळ पोरगी. विजूला स्वतःला पळायचं होतं, पण कंदील हलू न देता धरणं तिच्याशिवाय कुणाला जमणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. ती माझ्या मागं बसली, कंदील गुडघ्यांत धरला, आणि घोषणा देत आम्ही गड सोडला.

घाट उतरेपर्यंत काही कळलंच नाही. गाडी उतारानं आपोआप घरंगळत होती, मी नुसता ब्रेक धरत होते आणि मागून पोरी एकमेकींना मशाल देत येत होत्या. वाघबीळ आलं, उतार संपला. मी पहिला गेअर टाकला आणि पोरींच्या पळण्याच्या वेगानं गाडी घ्यायला लागले.

गाडी गुदमरली. भुक् भुक् करत तिनं काळा धूर सोडला आणि हबके द्यायला लागली. मी रेस वाढवली, तर ती पुढं उसळली. कमी केली, तर मरायला टेकली. मग मी अर्धा क्लच दाबून धरला आणि रेस चढवून तिला कशीबशी जिवंत ठेवत हळूहळू नेलं. विजूच्या हातातला कंदील प्रत्येक हबक्याला डुचमळत होता. त्या क्षणी मला सगळं समजलं. मोठ्या तोंडाला जास्त हवा लागते, आणि इंजिन सावकाश चाललं तर तेवढी ओढ येत नाही. हा कार्बोरेटर पळणाऱ्या गाडीचा होता. आणि मला पळणाऱ्या माणसाच्या वेगानं पार गावापर्यंत जायचं होतं.

थोड्याच वेळात क्लच जळल्याचा वास यायला लागला. रणधीरला तो माझ्याआधी आला असावा, कारण तो आपली गाडी सुरळीत टुकूटुकू चालवत माझ्या बरोबरीला आला. तो हसला. मग हात पुढं केला.

"आण कंदील. उगं गाडीचा जीव कशाला घेतीयास?"

"हात माघारी घे," विजू म्हणाली.

"मी काय वडून घेत न्हाई. बंद पडंलच आता."

आणि तो पुन्हा मागं राहिला, निवांत, बोहल्याजवळ उभ्या राहिलेल्या मामासारखा. मला रडू फुटायचंच बाकी होतं. अख्ख्या गावातली मी एक पोरगी जिला गाडी येते, आणि माझ्याच हौसेपायी हे सगळं रस्त्यावर संपणार होतं. पुढच्या वर्षी नाही आणि त्याच्या पुढंही नाही.

"राजे," विजूनं मागून मला हाक मारत विचारलं, "ही हळू चालत न्हाई. मग कशी चालती?"

"जोरात."

"किती जोरात?"

दाखवायचं म्हणून मी क्लच सोडला आणि रेस दिली. भुकभुक थांबली. गाडीनं स्वच्छ आवाज काढला आणि अगदी मऊ चालायला लागली, कंदील हलेना. पण मशाल घेऊन पळणारी यशोदा, तिची पाळी पुन्हा आली होती, मागं पडली. थांबायचं तर नव्हतं. म्हणून मी गाडी वळवली, तिला वळसा घातला आणि पुन्हा पुढं आले. दुसऱ्यांदा वळसा घालताना विजू कंदील सांभाळत अर्धी वळली आणि ओरडली.

"यशोदे, पळ!"

"पळतोयच की."

"ह्येला पळणं म्हंत्यात व्हय? फायनलला पळालीस तशी पळ. दमलीस की खो दे."

यशोदानं एकदा विजूकडे बघितलं, एकदा माझ्या चाकाकडे, आणि सुटली. खो-खोच्या मैदानात पोरगी पाठीवर थाप बसल्यावर सुटते तशी. मी आरशात बघितलं तर मशाल माझ्या मागच्या चाकाला लागून येत होती आणि गाडी भुकभुकत नव्हती.

असं कुणी किती वेळ पळणार? दोन-तीन शेतांची लांबी. पण त्या पोरी लांब पळण्यासाठी तयार झालेल्याच नव्हत्या. त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं ते एकच, की छाती फुटेस्तोवर थोडं पळायचं आणि खो द्यायचा. विजूनं टेम्पोवाल्याला पुढं पिटाळलं. टेम्पो पुढं जाऊन रस्त्याकडेला पोरी पेरत गेला, टोकण करतात तशा, ठरावीक अंतरावर एकेक. मशाल पोचली की पुढची पोरगी हात मागं करून आधीच पळायला लागायची. "खो!" मशाल हातात. ती सुटली की पुढची.

अडचण अशी झाली की पळून झालेल्या पोरी मागं राहायला लागल्या. टेम्पो पेरायला पुढं होता, मग ह्यांना उचलणार कोण? शशिकला नावाची पोरगी धापा टाकत कडेला उभी होती. रणधीर तिच्यापाशी पोचला, आणि मी आरशात बघते तर शशिकला सरळ त्याच्या मागं बसली आणि त्याच्या पाठीत थाप मारली. तो बिचारा गोंधळला, पण गाडी पळवली. आमच्या पुढं जाऊन तिला सोडलं. मग परत मागं फिरला, दुसरीला आणायला. तिसऱ्या फेरीला तो आमच्या शेजारून जाताना कंदिलाकडं बघतसुद्धा नव्हता. चौथ्या फेरीला ओरडत होता, "हिकडं वळणावर कोण न्हाई, एक पोरगी द्या!"

कारखान्याचा हंगाम होता. पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या, टेपवर मोठ्यानं गाणी लावलेली. मी त्याच्या बाजूनं गाडी काढली आणि माझ्यामागं मशाल घेऊन यशोदा, तिची तिसरी खेप होती. ट्रॅक्टरवाल्यानं बाजूला बघितलं. ज्योत आपल्याला ओलांडून चाललीय हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. त्यानं आधी टेप बंद केला, मग डोक्यावरची टोपी काढली, आणि मग ट्रॉलीवर बसलेल्या तोडणीच्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि हात हलवायला लागल्या. यशोदाला तेवढं पुरलं. तिनं खो द्यायची जागा आली तरी खो दिला नाही, पुढच्या पोरीच्याही पुढं निघून गेली.

कोडोली सोडल्यावर समोरून एक रिकामा ट्रक भरधाव आला आणि त्याच्या झोतानं मशाल विझली.

मशाल शशिकलाच्या हातात होती, ती पळत होती आणि तिच्या हातात नुसता धूर होता. थांबलं तर नियम मोडणार. चालत्या गाडीवर कंदिलाची काच उचलली तर वाऱ्यानं कंदीलही जाणार, आणि मग पुन्हा गडापासून सुरुवात.

"वारा अडवा कुणीतरी," विजू म्हणाली.

रणधीर मागून आला. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं आपली गाडी माझ्या पुढं, चाकाला चाक लागेल इतकी जवळ घेतली, अंगातलं जाकीट एका हातानं उघडून पंखासारखं पसरलं आणि तसाच एका हातानं गाडी चालवत राहिला. मी त्याच्या आडोशाला गाडी धरली. सांगते ना, त्या वेगाला ती अशी चालत होती की विहिरीच्या काठावरून नेली असती. शशिकला बरोबरीला आली, मशाल खाली केली. विजूनं काच वर सरकवली. तिचे ओठ हलत होते, कुणाचं नाव घेत होती कोण जाणे. तेलात भिजलेला बोळा आधी नुसता चुरचुरला. मग भडकला.

आम्ही चौघं एकाच वेळी ओरडलो. रणधीर सगळ्यात मोठ्यानं.

गावाची कमान दिसली तेव्हा जेमतेम साडेआठ वाजले होते. दर वर्षी ज्योत यायला दहा-साडेदहा वाजत. हलगीवाल्यांना दहाचं आवतण होतं, मंडप अर्धा बांधून झाला होता, पताकांची माळ जमिनीवरच होती. कमानीपाशी एक कुत्रं तेवढं होतं. चौकात आलो तर एकही बाप्या नाही. कुणी ओढ्यावर, कुणी गोठ्यात, आणि अण्णा न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण लावून बसलेले, हे मला मागाहून कळलं. चौकात होत्या फक्त नळावर पाण्याला आलेल्या बायका. घागरी, कळश्या, आणि त्यांच्यात माझी आई.

रीत अशी की चौकात ज्योत अध्यक्षांच्या हातात द्यायची आणि त्यांनी ती हलगीच्या ताफ्यात पुतळ्याच्या चौथऱ्यावर नेऊन ठेवायची. अध्यक्षच नव्हते. मशाल यशोदाच्या हातात होती आणि तिचे पाय आता लटपटत होते. बाकीच्या पोरी मागं राहिलेल्या, त्यांना आणायला रणधीर गेलेला, टेम्पोचा पत्ता नाही. विजूच्या मांडीत कंदील. मी चौकाला एक वेढा घातला, यशोदा माझ्यामागं. दुसऱ्या वेढ्याला मला कळलं की ती तिसरा पुरा करणार नाही.

तिनं तो केला नाही. ती सरळ नळाकडं पळाली, हाताला जी पहिली बाई लागली तिच्यापुढं मशाल धरली आणि म्हणाली, "खो."

ती आई होती.

"मी काय करू?" आई म्हणाली.

"धरा, मावशी. आणि पळा."

आईनं काखेतली कळशी खाली ठेवली. मशाल घेतली. तेवढ्यात अण्णा आले, गळ्यात न्हाव्याचा पंचा, एका गालावर साबण तसाच, चपला हातात. चौकात पेटलेली ज्योत बघून त्यांना खरं वाटेना. त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"आण हिकडं. थांब जरा, वैनी. थांब. हलगी तर येऊ दे."

आईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग पदर कमरेला खोचला.

"थांबवायची नसती न्हवं, अण्णा?" ती म्हणाली, आणि त्यांच्या बाजूनं पळत सुटली.

नळाच्या बायकांनी आधी एकमेकींकडे बघितलं. मग घागरी जागच्या जागी राहिल्या आणि त्या गल्लीच्या तोंडाशी, पुढच्या वळणाशी, देवळापाशी जाऊन उभ्या राहायला लागल्या, कुणी न सांगता, हात पुढं करून. मशाल त्या दिवशी सगळ्या गावाला वळसा घालून मग चौथऱ्यावर गेली. पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत विषय अण्णांनीच काढला. पोरींचं काय ठरलं, म्हणून विचारलं. मी गाडीला आता लहान कार्बोरेटर घालते म्हटलं, तर विजू अंगावर आली. लहान घातलास तर पोरी सावकाश पळतील, म्हणाली. तो मोठाच राहिला.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी माझ्यासमोर फक्त आई होती. माझी आई पळताना मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. एका हातानं निऱ्या धरलेल्या, दुसऱ्या हातात ज्योत उंच, पाय अनवाणी, आणि तोंडावर असं हसू की ती मला ओळखू येईना. कंदील तिच्या पुढं हवा होता, पण ती इतकी हळू पळत होती की माझ्या गाडीला ते जमणारं नव्हतं. मी इंजिन बंद केलं, चालत्या गाडीवरूनच खाली उतरले, आणि विजूला कंदिलासकट गाडीवर तशीच ठेवून गाडी ढकलत आईच्या पुढं पळायला लागले.